टाइग फरलाँग : रग्बीतला टाइटहेड प्रॉप घडतो कसा? (२०१२ ते २०१८)

डब्लिनकर (धागाकर्ता)

१७ मार्च २०१२, सेंट पॅट्रिक्स डे, लंडनचं ट्विकनम मैदान. इंग्लंडविरुद्ध पूर्वार्धातच आयर्लंडचा टाइटहेड प्रॉप, म्हणजे पुढच्या रांगेतला उजव्या बाजूचा खेळाडू, माइक रॉस मान दुखावून बाहेर गेला. बाकावर प्रॉप एकच होता, टॉम कोर्ट, आणि तो मुळात लूझहेड, म्हणजे डाव्या बाजूचा. त्याला उजवीकडे उभं करावं लागलं. तिथून आयर्लंडच्या स्क्रमची (दोन्ही संघांच्या पुढच्या खेळाडूंची एकमेकांना भिडून होणारी रेटारेटी) जी दैना झाली ती आजही बघवत नाही. स्क्रम मागे रेटला जातोय, कोसळतोय, पेनल्टीमागून पेनल्टी जातेय. इंग्लंडला स्क्रमवरूनच पेनल्टी ट्राय मिळाला (ट्राय म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवणं; इथे तो पंचाने बहाल केला) आणि निकाल ३०-९.

बरोबर सहा वर्षांनी, १७ मार्च २०१८ ला, त्याच मैदानावर आयर्लंडने इंग्लंडला २४-१५ हरवून सिक्स नेशन्स या सहा देशांच्या स्पर्धेतला ग्रँड स्लॅम (सगळे सामने जिंकणं) पुरा केला. तीन नंबरच्या जर्सीत होता टाइग फरलाँग. २०१२ च्या त्या दिवशी तो १९ वर्षांचा होता, लेन्स्टर या प्रांतिक संघाकडून एकही सामना खेळलेला नव्हता.

धागा या सहा वर्षांबद्दल आहे. थोडक्यात पूर्वपीठिका: जन्म १४ नोव्हेंबर १९९२. गाव कँपाइल, वेक्सफर्ड परगण्याचा दक्षिण भाग, घरची शेती. वडील न्यू रॉस क्लबचे प्रॉप, तोच त्याचाही पहिला क्लब. लहानपणी हर्लिंग आणि गेलिक फुटबॉलही भरपूर. पुढे २० वर्षांखालील आयर्लंड संघ, लेन्स्टरची अकादमी, २०१३-१४ च्या हंगामात लेन्स्टरकडून पदार्पण, २९ ऑगस्ट २०१५ ला वेल्सविरुद्ध पहिली कसोटी (आंतरराष्ट्रीय सामना), २०१७ ला लायन्सतर्फे (ब्रिटन-आयर्लंडचा संयुक्त संघ) न्यूझीलंडमध्ये तिन्ही कसोट्यांत पहिल्या पंधरात.

पायऱ्या कागदावर सरळ दिसतात. पण टाइटहेड सहसा इतक्या लवकर पिकत नाही. माइक रॉसचंच बघा, आयर्लंडची पहिली टोपी (म्हणजे पहिली कसोटी) २००९ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी. फरलाँग २४ व्या वर्षी लायन्सचा पहिला पसंतीचा टाइटहेड होता. हे कसं जमलं, यावर जाणकारांनी लिहावं.

---

मधली_आळी

छान विषय. आधी दोन प्राथमिक शंका. Tadhg चा उच्चार 'टाइग' म्हणजे 'टायगर'मधला पहिला भाग, बरोबर? आणि मुंबईत २०२५ ला रग्बी प्रीमियर लीग झाली तेव्हा बरेच जण पहिल्यांदा रग्बी बघत होते, पण ती सात-सात जणांची. तिथला तीन-तीन जणांचा स्क्रम बघून टाइटहेडचं एवढं काय, हे कळत नाही. पंधरा जणांच्या खेळात नेमका फरक काय?

---

खडाखडी

@मधली_आळी, उच्चार बरोबर आहे.

सातच्या खेळात स्क्रम म्हणजे खेळ पुन्हा सुरू करायची एक पद्धत. पंधराच्या खेळात आठ विरुद्ध आठ, दोन्हीकडे मिळून पावणेदोन टनांच्या आसपास वजन. पुढच्या रांगेत तिघे: १ नंबर लूझहेड, २ नंबर हुकर, ३ नंबर टाइटहेड. दोन्ही रांगा समोरासमोर येतात तेव्हा प्रत्येकाचं डोकं समोरच्याच्या डोक्याच्या डाव्या बाजूला जातं. त्यामुळे लूझहेडचं डोकं रांगेच्या बाहेर राहतं, एक बाजू मोकळी. टाइटहेडचं डोकं मात्र समोरच्या दोघांच्या मध्ये अडकतं. उजव्या खांद्यावर समोरचा लूझहेड, डाव्या खांद्यावर समोरचा हुकर. म्हणजे हा एकटा दोघांचा भार घेतो, आणि मागून स्वतःचा लॉक (दुसऱ्या रांगेतला खेळाडू) ढकलत असतो तो वेगळाच.

कुस्तीत खडाखडी होते तेव्हा मान, खांदा आणि पाय एका रेषेत नसतील तर ताकद असूनही पैलवान वाकतो. इथे तेच, फक्त मागे फिरायला आणि पकड बदलायला जागा नाही. टाइटहेड वीतभर मागे आला की सगळा स्क्रम त्या बाजूला फिरतो, चेंडू आपला असला तरी आठ नंबरच्या (सगळ्यात मागच्या खेळाडूच्या) पायाखाली तो नीट राहत नाही आणि चेंडू उचलणाऱ्या स्क्रमहाफवर समोरचा धावून येतो. म्हणून आयर्लंडमध्ये म्हणायचे, संघनिवड तीन नंबरपासून सुरू करा.

हाताची पकड नियमात लिहिलेली आहे. टाइटहेडचा उजवा हात समोरच्या लूझहेडच्या डाव्या दंडाच्या बाहेरून जातो, आणि जर्सी पाठीवर किंवा बरगडीच्या बाजूलाच धरायची. बाही, कॉलर, छाती, दंड धरला तर पेनल्टी. लूझहेडचा डावा हात त्याच्या आतून. हा आतला हात खालून-वरून खेळ करू शकतो, टाइटहेडची अर्धी डोकेदुखी तीच.

---

उजवा_खांदा

खडाखडी यांनी रचना सांगितली, मी बिघाडांबद्दल लिहितो. तरुण टाइटहेड हरतो तो बहुतेक वेळा ताकदीमुळे हरत नाही.

उजवं कोपर पडणं हा पहिला आणि सगळ्यात महाग दोष. पकड घेताना कोपर खांद्याच्या पातळीत किंवा वर हवं. ते खाली आलं की छाती खाली येते, लूझहेडला वरून ओढायला दांडाच मिळतो, आणि स्क्रम कोसळला की पंचाला दिसतं ते टाइटहेडचं खाली गेलेलं कोपर. पेनल्टी त्याच्याच नावावर.

त्याच्या खालोखाल पाय. गुडघ्याचा कोन साधारण १२० अंशांच्या आसपास हवा. पाय फार मागे ताणले तर पहिला धक्का झेलला जातो, पण दुसरा येतो तेव्हा सरळ करायला पायात काही उरलेलं नसतं. फार जवळ घेतले तर कंबर वर जाते, डोकं खाली जातं, शरीर बिजागरीसारखं मोडतं. पंच त्यावर लगेच हात वर करतो.

तिसरं, कंबर बाहेर फेकणं. समोरचा लूझहेड तिरका आत घुसतो तेव्हा टाइटहेड नकळत उजवीकडे कंबर काढतो. मग त्याच्या मागच्या लॉकचा खांदा घसरतो आणि त्या लॉकचं सगळं वजन वाया जातं. याचा इलाज टाइटहेडच्या डाव्या हातात आहे: हुकरला घट्ट बांधून ठेवायचं, त्याच्या आणि आपल्या कमरेत फट पडू द्यायची नाही. कबड्डीत साखळीतला हात सुटला की चढाईपटू तिथूनच निसटतो, तसंच.

फरलाँगचे २०१४-१५ चे सामने आणि २०१६ च्या शेवटचे सामने शेजारी लावून बघा. खांदे तेच, वजन थोडंफार तेवढंच, १२० किलोच्या वर. फरक आहे तो पंचाच्या 'सेट' (भिडा) या हाकेआधीच्या दोन सेकंदांत. सुरुवातीला तो पकड घेतो आणि मग पाय हलवून जागा शोधतो. नंतर पाय आधी बसलेले असतात, पकड शेवटी येते, आणि हाक येते तेव्हा त्याच्या शरीरात हलायला काही राहिलेलं नसतं.

---

पश्चिमवारा

मूळ प्रश्न लवकर पिकण्याचा आहे, तर तो कुठून आला हेही नीट बघावं लागेल.

लेन्स्टरचा ठरलेला रस्ता म्हणजे डब्लिनच्या आणि आसपासच्या मोठ्या खासगी शाळा. तिथे शाळांचा सीनियर कप, पूर्णवेळ प्रशिक्षक, व्यायामशाळा, अकादमीची माणसं कठड्याला टेकून बघत असतात. फरलाँग न्यू रॉसच्या गुड काउन्सेल कॉलेजमधला. ती शाळा ओळखली जाते गेलिक खेळांसाठी. तो आला 'यूथ्स'च्या वाटेने, म्हणजे क्लबचा वयोगट संघ, तिथून परगण्यांची निवड, तिथून प्रांताचा यूथ्स संघ. टलोचा शॉन ओ'ब्रायन त्याच्या आधी याच वाटेने आला होता. या वाटेवर मुलं कमी तालमीची येतात, पण निरनिराळे खेळ खेळलेली असतात. हर्लिंगमुळे हाताला चेंडूचा अंदाज असतो, तो व्यायामशाळेत मिळत नाही.

आता एक तांत्रिक गोष्ट, जिच्याकडे फार लक्ष जात नाही. १९ वर्षांखालच्या खेळात स्क्रमचे नियम वेगळे आहेत: कोणत्याही संघाला स्क्रम दीड मीटरपेक्षा जास्त पुढे रेटता येत नाही. हेतू सुरक्षिततेचा आहे आणि योग्यच आहे. परिणाम असा की शाळकरी प्रॉप कितीही गाजला तरी पाच-सहा मीटर मागे रेटत नेणारा स्क्रम त्याने सोसलेलाच नसतो. २० वर्षांखालच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत पहिल्यांदा प्रौढांचे नियम लागतात. म्हणजे विंगर (कडेने धावणारा खेळाडू) अठराव्या वर्षी जवळपास तयार असतो, तेव्हा टाइटहेडचं खरं शिक्षण सुरू व्हायचं असतं. शाळेच्या वाटेने आलेला काय किंवा यूथ्सच्या, या एका बाबतीत दोघंही कोरे. त्यामुळे फरलाँग मागून आला असं जे म्हटलं जातं ते स्क्रमपुरतं मला पटत नाही.

---

साखळी

पश्चिमवारा, दीड मीटरचा मुद्दा अगदी मोलाचा. त्याला दोन नियमबदल जोडतो, कारण फरलाँगच्या वेळापत्रकाशी ते विलक्षण जुळतात.

एक: बाकावरचा दुसरा प्रॉप. २०१२ च्या ट्विकनमपर्यंत कसोटीत २२ जणांचा चमू असायचा, सात राखीव, त्यात बहुधा प्रॉप एकच. त्याने दोन्ही बाजू सांभाळाव्यात अशी अपेक्षा. कोर्टचं जे झालं ते या व्यवस्थेचं फळ होतं, त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून कसोटीत २३ जणांचा चमू आला, राखीव आठ, आणि दोन्ही बाजूंसाठी वेगवेगळा प्रॉप. त्याआधी २१-२२ वर्षांच्या टाइटहेडला बाकावर जागाच नव्हती, कारण तो डावीकडे खेळू शकत नसे. आता शेवटची २०-२५ मिनिटं ही तरुण टाइटहेडची हक्काची शाळा झाली. समोरचाही तोवर थकलेला किंवा बदललेला असतो.

दोन: धडक कमी झाली. आधी पंचाच्या हाकेवर दोन्ही पुढच्या रांगा अंतरावरून एकमेकांवर आदळायच्या. ज्याची धडक अचूक, त्याचा अर्धा स्क्रम तिथेच जिंकलेला. २०१३-१४ पासून 'क्राउच, बाइंड, सेट' आलं: आधी वाका, मग बाहेरच्या हाताने समोरच्याची जर्सी धरा, मग भिडा. पकड आधीच असल्याने धडकेचा जोर चाचण्यांत सुमारे २५ टक्क्यांनी कमी भरला. आता धडकेनंतर टिकून राहणं, दुसरा आणि तिसरा रेटा, पकडीतला तोल यांना किंमत आली. अनेक मुरलेले प्रॉप, ज्यांचं सगळं कसब धडकेत होतं, त्यांना तिशीत नव्याने शिकावं लागलं.

आणि फरलाँगचा लेन्स्टरकडून पहिला हंगाम कोणता? तोच, २०१३-१४. त्याला जुनं विसरायचंच नव्हतं.

---

डब्लिनकर

साखळी, यातला दुसरा मुद्दा फार आवडला. पण थोडा विरोधही नोंदवतो. नियम सगळ्यांसाठीच बदलले. लेन्स्टरमध्येच मार्टी मूर होता, वयाने थोडा मोठा आणि फरलाँगच्या आधी पुढे गेलेला. २०१४ ची सिक्स नेशन्स जिंकणाऱ्या संघात तो रॉसच्या मागचा दुसरा टाइटहेड होता. म्हणजे २०१४ मध्ये फरलाँग लेन्स्टरमध्येच रॉस आणि मूर यांच्या मागे तिसरा.

मग जागा कशी झाली? २०१५ च्या विश्वचषकाआधी मूर दुखापतीत अडकला. आयर्लंडचे प्रशिक्षक जो श्मिट यांनी चमूत पाच प्रॉप घेतले: डावीकडे हीली आणि मॅग्रा, उजवीकडे रॉस, कॉनॉक्ट प्रांताचा नेथन व्हाइट आणि फरलाँग. स्पर्धेत त्याला खेळायला मिळालं ते वेम्बलीवर रोमानियाविरुद्ध, बदली म्हणून. पुढे २०१६ मध्ये मूर इंग्लंडमध्ये वॉस्प्स क्लबकडे गेला. आयर्लंड संघटनेची रीत अशी की देशाबाहेर खेळणाऱ्याचा विचार जवळपास होतच नाही. त्याच वर्षी डोक्याला बसलेल्या माराच्या परिणामांमुळे व्हाइटला खेळ सोडावा लागला. रॉस छत्तिशी गाठलेला.

म्हणजे दीड वर्षात पुढचे तिघे बाजूला झाले. पण जागा मिळणं आणि ती टिकवणं वेगळं. जून २०१६, जोहान्सबर्गचं एलिस पार्क, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध दुसरी कसोटी. फरलाँगची कसोटीतली पहिली सुरुवात, आणि समोर लूझहेड टेंडाई मटावरिरा, ज्याला जग 'बीस्ट' म्हणून ओळखतं. आयर्लंड ३२-२६ हरलं, तरी स्क्रममध्ये आयर्लंडची उजवी बाजू ढळली नाही. माझ्या मते त्याची कारकीर्द खरी सुरू झाली ती त्या दुपारी. पाचच महिन्यांनी, ५ नोव्हेंबरला, शिकागोच्या सोल्जर फील्डवर न्यूझीलंडविरुद्ध मॅग्रा, बेस्ट, फरलाँग अशी पुढची रांग, मागे डॉनका रायन आणि डेव्हिन टोनर. ४०-२९. १९०५ पासून १११ वर्षांत आयर्लंडने न्यूझीलंडला हरवण्याची पहिली वेळ.

---

खडाखडी

डब्लिनकर, रिकाम्या जागेचं श्रेय मान्य, पण त्या जागेत बसायला माणूस कोणी तयार केला? लेन्स्टर आणि आयर्लंड या दोन्हीकडे फरलाँगच्या सुरुवातीच्या काळात स्क्रमचा गुरू एकच होता, ग्रेग फीक, न्यूझीलंडचा माजी प्रॉप. प्रांताची भाषा आणि देशाची भाषा एक असणं प्रॉपसाठी फार महत्त्वाचं. पाय कधी बसवायचे, हुकरने कोणाकडे झुकायचं, 'सेट'नंतर श्वास कोणत्या क्षणी सोडायचा, हे आठही जणांनी एकत्र करायचं असतं. विंगरला नवा प्रशिक्षक आठवड्यात समजतो. पुढच्या रांगेला नवी घडी बसायला महिने जातात.

---

मधली_आळी

वाचून पुष्कळ उलगडलं. मग एक प्रश्न: टाइटहेड इतका दुर्मिळ असेल तर चांगल्या लूझहेडलाच उजवीकडे का वळवत नाहीत?

---

खडाखडी

वळवतात, आणि याच संघात उदाहरण आहे. अँड्र्यू पोर्टर २०१६ पर्यंत २० वर्षांखालच्या संघात लूझहेड होता. लेन्स्टरने त्याला उजवीकडे नेलं, जून २०१७ मध्ये तो आयर्लंडकडून खेळला. फेब्रुवारी २०१८ ला इटलीविरुद्ध फरलाँग सुरुवातीलाच मांडीच्या स्नायूमुळे बाहेर गेला, तेव्हा पोर्टर आला आणि वेल्सविरुद्धचा पुढचा सामना त्यानेच सुरू केला. २०१२ ला ट्विकनमला जे नव्हतं ते हेच: उजवीकडे तालीम झालेला दुसरा माणूस. (२०२१ ला पोर्टर परत डावीकडे गेला, तो वेगळा विषय.)

पण हे हंगाम देऊन करायचं काम आहे, सामन्याच्या मध्यात नव्हे. सगळं उलटं होतं. लूझहेडला खालून वर जायची सवय, टाइटहेडला खाली दाबून सरळ राहायची. मोकळा कान उरत नाही, भार घेणारा खांदा बदलतो, मानेवरचा ताण दुसऱ्या बाजूने येतो.

---

मधली_आळी

आणि कॉलेज वयातल्या, सतरा-अठराच्या धिप्पाड मुलाला प्रॉप करायचं असेल तर क्रम काय असावा?

---

उजवा_खांदा

प्रशिक्षित माणूस समोर असल्याशिवाय काहीही नाही, ही पहिली अट. पुढच्या रांगेची तालीम न झालेल्या मुलाला स्क्रममध्ये घालणं म्हणजे मानेच्या मणक्यांशी खेळ आहे. संघात तयार माणूस नसेल तर नियमातच सोय आहे, बिनरेट्याचा स्क्रम मागा. त्यात कमीपणा नाही.

क्रम असा. आधी मान: हात किंवा पट्टा लावून चार दिशांना स्थिर दाब, दहा-दहा सेकंद, तीन फेऱ्या, आठवड्यातून दोन-तीनदा. झटके देऊन कधीही नाही. मग आकार: हातापायांवर, गुडघे जमिनीपासून चार बोटं वर, पाठ पाटासारखी सपाट, नजर पुढच्या गवतावर. वीस-तीस सेकंद धरता आलं पाहिजे आणि कोणी कमरेवर बाजूने हाताने ढकललं तरी हलता कामा नये. त्यानंतर एकास एक, गुडघ्यांवर, नुसती पकड. त्यानंतर एकास एक उभ्याने, अर्ध्या जोराने. मग तिघांस तिघे, मग पाच, आणि सगळ्यात शेवटी यंत्रावर (रेट्याच्या सरावाचं यंत्र) आठ.

बहुतेक ठिकाणी चूक होते ती यंत्र लवकर आणण्यात. यंत्र तिरकं घुसत नाही, कोपर ओढत नाही. यंत्रावर वाढलेला मुलगा सरळ रेट्यात भारी असतो आणि पहिल्याच चलाख लूझहेडपुढे बाहेर फेकला जातो.

---

पश्चिमवारा

एक गोष्ट राहिली. लायन्सने २०१७ ला त्याला फक्त स्क्रमसाठी घेतलं नव्हतं. तिन्ही कसोट्यांत माको व्हुनिपोला, जेमी जॉर्ज, फरलाँग हीच पुढची रांग. हरले १५-३०, जिंकले २४-२१, बरोबरी १५-१५. त्या वेगात स्क्रम संपल्यावर प्रॉपने पुढच्या रकला (जमिनीवरच्या चेंडूसाठीची झुंज) पोचायचं, चेंडू घ्यायचा आणि टॅकल यायच्या आत द्यायचा हे अपेक्षित होतं.

ट्विकनम २०१८ मधला सी. जे. स्टँडरचा ट्राय पुन्हा बघा. लाइनआउटनंतर (बाजूरेषेवरून चेंडू आत फेकून खेळ सुरू झाल्यावर) चेंडू फरलाँगकडे येतो. सगळा इंग्लंडचा बचाव धरून चालतो की १२० किलोचा हा माणूस आता डोकं खाली घालून धडकणार. तो खांदे धडकेसाठीच वळवतो आणि शेवटच्या क्षणी, मनगटाने, बंडी आकीला चेंडू सरकवतो. आकी फटीतून आरपार, पुढे स्टँडर. हर्लिंगच्या हातांबद्दल वर लिहिलं ते याचसाठी.

---

साखळी

@पश्चिमवारा, तो पास चालला कारण आधीचे सगळे सामने तो खरोखरच धडकत आला होता. बचावाने त्याच्यावर विश्वास ठेवला.

---

डब्लिनकर

मधली_आळी, दोन्ही ट्विकनमचे सामने एकामागोमाग बघणार असाल तर चेंडूकडे बघू नका. चित्रण थांबवा ते 'सेट'च्या अर्धा सेकंद आधी, आणि फक्त आयर्लंडच्या तीन नंबरचं उजवं कोपर बघा. २०१२ च्या सामन्याच्या उत्तरार्धात ते जवळपास दर वेळी जमिनीकडे झुकलेलं दिसेल. मग २०१८ लावा.